शाळेतील मानसशास्त्रज्ञाची उमेदवारी

महाराष्ट्रातील विद्यापीठांनी २०२३-२४ या शैक्षणिक वर्षापासून पदव्युत्तर अभ्यासक्रमात प्रत्यक्ष कार्यानुभवाचे चार श्रेयांक सक्तीचे केल्यामुळे, मानसशास्त्राच्या एम. ए.च्या वर्गातील एखादी विद्यार्थिनी विभागप्रमुखांच्या सहीशिक्क्याचे पत्र घेऊन शाळेच्या मुख्याध्यापकांसमोर उभी राहावी, हा प्रसंग आता मोठ्या शहरांपुरता राहणार नाही. नागपूरपासून साठेक किलोमीटरवर असलेल्या भंडाऱ्यासारख्या जिल्ह्यातही तो घडू लागणे क्रमप्राप्त आहे. मुख्याध्यापक पत्र वाचतात, बसायला खुर्ची देतात आणि अगदी सरळ मनाने विचारतात की, या उमेदवाराने आमच्या शाळेत नेमके करायचे काय? प्रश्न रास्त आहे. बहुतेक वेळा त्याचे उत्तर खुद्द उमेदवाराजवळही तयार नसते, कारण पाठ्यपुस्तकात सिद्धान्त असतात, चाचण्यांचे तपशील असतात, परंतु धानपट्ट्यातील एखाद्या जिल्हा परिषद शाळेच्या ओसरीवर पाऊल टाकल्यानंतर पहिल्या आठवड्यात कोणाशी बोलावे, कोणते दप्तर पाहावे आणि कोणत्या गोष्टीला हात लावू नये, हे तेथे सांगितलेले नसते.

ही विद्या फार जुनी नाही. अमेरिकेत लायटनर विटमर यांनी १८९६ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात पहिले मानसशास्त्रीय चिकित्सालय उघडले, तेव्हा त्यांच्याकडे आलेला पहिला बालक शुद्धलेखनात अडखळणारा होता आणि त्याला तेथे आणणारी व्यक्ती त्याची शिक्षिका होती, ही गोष्ट आजही अर्थपूर्ण वाटते. शाळेतील मानसशास्त्राचा उगम रुग्णालयात झालेला नसून शिक्षकाच्या चिंतेत झालेला आहे. पुढे १९०५ मध्ये पॅरिसला आल्फ्रेड बिने आणि थिओडोर सिमों यांनी बुद्धिमापनाची पहिली श्रेणी प्रसिद्ध केली, १९१३ मध्ये लंडनच्या कौंटी कौन्सिलने सिरिल बर्ट यांना शाळांसाठी मानसशास्त्रज्ञ म्हणून नेमले, आणि १९१५ मध्ये अमेरिकेतील कनेटिकट राज्यात आर्नोल्ड गेसेल यांना ‘शालेय मानसशास्त्रज्ञ’ हा हुद्दा मिळाला.

आपल्याकडे ही परंपरा उशिरा आली तरी ती परकी राहिली नाही. धारवाडच्या डॉ. वि. वि. कामत यांनी बिने यांच्या श्रेणीचे मराठी आणि कानडी मुलांसाठी रूपांतर केले, व त्यांचा भारतीय मुलांच्या बुद्धिमापनावरील इंग्रजी ग्रंथ १९४० मध्ये प्रसिद्ध झाला, मुंबईत टाटा समाजकार्य संस्थेच्या पुढाकाराने १९३७ मध्ये बालमार्गदर्शन केंद्र सुरू झाले, पुण्यात डॉ. वि. वि. ऊर्फ आप्पा पेंडसे यांनी १९६२ मध्ये ज्ञानप्रबोधिनीची स्थापना केली, ती मुळात मानसशास्त्राच्याच अभ्यासातून. परंतु भंडाऱ्याच्या उमेदवाराला सर्वांत जवळचा वारसा नागपूरचा आहे. नागपूरच्या बालमार्गदर्शन केंद्रात काम करणाऱ्या डॉ. आर्थर मालिन यांनी वेश्लर यांच्या मुलांसाठीच्या बुद्धिमापन श्रेणीचे भारतीय रूप सिद्ध केले, ते १९६९ मध्ये प्रसिद्ध झाले आणि ‘मालिन यांची श्रेणी’ म्हणून आजही देशभर वापरले जाते. व्हाइनलँड सामाजिक परिपक्वता श्रेणीचे त्यांनी केलेले रूपांतर तर ‘नागपूर रूपांतर’ याच नावाने ओळखले जाते. मूल स्वतःच्या हाताने जेवते का, कपडे घालते का, एकटे दुकानातून वस्तू आणते का, धाकट्या भावंडाला सांभाळते का, अशा दैनंदिन व्यवहारांवरून ही दुसरी श्रेणी त्याची परिपक्वता ताडते. वाचनात मागे असलेले, पण शेळ्या राखून सायंकाळी त्या बरोबर मोजून घरी आणणारे मूल या श्रेणीत आपली योग्यता दाखवू शकते, म्हणून ग्रामीण भागात तिचे मोल मला विशेष वाटते.

तरीही उमेदवाराने चाचणीची पेटी पहिल्या महिन्यात उघडूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे. प्रथम हजेरीपट पाहावा. हजेरीपट हे शाळेतील सर्वांत दुर्लक्षित आणि सर्वांत प्रामाणिक दप्तर आहे. ‘अभ्यासात लक्ष नाही’ असा शेरा ज्या मुलावर पडलेला असतो, त्याच्या गैरहजेरीच्या तारखा सलग मांडून पाहिल्या, तर पुष्कळदा त्यात एक क्रम दिसू लागतो. काही मुलांची गैरहजेरी जुलै-ऑगस्टमध्ये एकवटलेली असते. विदर्भातील शाळा उन्हाच्या कडाक्यामुळे उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या उत्तरार्धात उघडतात, आणि शाळेची घडी बसते न बसते तोच वैनगंगेच्या खोऱ्यात धानाची रोवणी सुरू होते. आईबाप दिवसभर बांधीतल्या चिखलात वाकलेले असतात, घरी तान्हे मूल असते, आणि चौथीतली मुलगी त्या दिवसांत घर चालवीत असते. ती वर्गात आली तरी दुपारी तिचे डोळे मिटतात. या झोपेला एकाग्रतेचा विकार म्हणणे हा त्या मुलीवर घोर अन्याय होईल. उमेदवारीचे तास बहुधा दुसऱ्या सत्रात, म्हणजे हिवाळ्यानंतर, पुरे केले जातात; तोवर रोवणी, कापणी, चुरणे सारे आटोपलेले असते आणि उमेदवाराला दिसते ते केवळ मागे पडलेले मूल, त्याच्या मागे पडण्याचे कारण दिसतच नाही. म्हणून ज्याला हे काम शिकायचे आहे त्याने शाळेचे सबंध वर्ष पाहिले पाहिजे.

दुसऱ्या प्रकारच्या मुलाची गैरहजेरी वर्षभर विखुरलेली असते. महिन्यातून दोनतीन दिवस, कारण ‘अंग दुखते’. पूर्व विदर्भात, आणि त्यात भंडारा जिल्ह्यातही, सिकलसेल हा आनुवंशिक रक्तविकार काही समाजांत बराच आढळतो. त्यात रक्तातील तांबड्या पेशी विळ्याचा आकार घेतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हाडांत, सांध्यांत असह्य वेदना उठतात. रक्तक्षयामुळे मूल निस्तेज दिसते व लवकर थकते. अशा मुलाला आळशी ठरवून त्याच्या ‘प्रेरणे’वर व्याख्यान देणाऱ्या मानसशास्त्रज्ञाने आपल्या विद्येची अप्रतिष्ठा केली असे मी म्हणेन. २०१३ पासून चालू असलेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात आरोग्य पथके अंगणवाड्या आणि सरकारी शाळांतील मुलांची तपासणी करतात. त्या तपासणीच्या नोंदी उमेदवाराने मुख्याध्यापकांकडे मागाव्यात, मूल कितव्या बाकावरून फळा वाचू शकते ते स्वतः पाहावे, पाठीमागून हलक्या आवाजात हाक मारल्यास ते वळते की नाही हेही पाहावे. डोळे, कान आणि रक्त यांचा निकाल लागल्याखेरीज मनाची चौकशी सुरू करणे हा कामाचा क्रम उलटा करणे होय.

यानंतर भाषेचा प्रश्न येतो, आणि या जिल्ह्यात तो गंभीर आहे. येथील मुलाच्या तोंडी झाडीबोली असते. साकोलीच्या डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी ज्या बोलीचा निष्ठेने अभ्यास केला, तिच्यात ‘ळ’च्या जागी ‘र’ आणि ‘ण’च्या जागी ‘न’ उच्चारला जातो. मुलाला दुखतो तो डोरा, आणि ते पिते ते पानी. त्याखेरीज पोवारी बोलणारी घरे आहेत, गोंडी जाणणारी कुटुंबे आहेत. आता श्रुतलेखनाच्या वहीत ज्या मुलाने प्रत्येक वेळी ‘डोरा’ लिहिले आहे, त्याची वही घेऊन उमेदवाराने क्षणभर थांबावे. या मुलाने घरी ऐकलेला ध्वनी अचूक ओळखला, त्याचे अक्षर अचूक निवडले आणि ते प्रत्येक वेळी सारखेच लिहिले. वाचनलेखनाला आधारभूत असलेले त्याचे यंत्र निर्दोष चालले आहे, त्याला फक्त प्रमाण भाषेचे वळण शिकवायचे आहे. अध्ययन-अक्षमता असलेल्या मुलाची वही निराळी दिसते: एकच शब्द तीन ओळींत तीन प्रकारे लिहिलेला, जोडाक्षरे फुटलेली, मात्रा व वेलांट्या गळालेल्या, पुष्कळ सराव करूनही तीच अनिश्चितता, आणि तोंडी विचारले तर मात्र उत्तर बिनचूक. या दोन वह्यांतला भेद ओळखता येणे हे उमेदवारीतले पहिले खरे प्रावीण्य समजावे. शहरातून आलेल्या उमेदवाराकडून येथे चूक होण्याचा संभव अधिक. गावातल्या जुन्या गुरुजींना किंवा बाईंना तो भेद कित्येकदा सहज कळतो, म्हणून वहीचा अर्थ लावताना त्यांना शेजारी बसवून घ्यावे.

वर्गातील निरीक्षणाची पद्धत साधी असली तरी तिला शिस्त लागते. समजा, चौथीतील एक मुलगा सतत जागेवरून उठतो अशी तक्रार आहे. उमेदवाराने वर्गाच्या मागल्या कोपऱ्यात बसावे, हातात घड्याळ आणि चौकटी आखलेला कागद घ्यावा, आणि वीस मिनिटे दर पंधरा सेकंदांनी एकदाच मान वर करून पाहावे: त्या क्षणी मुलगा कामात आहे की कामाबाहेर? ऐंशी खुणा होतात. त्याच वेळी, त्याच कागदावर, ज्याच्याविषयी कोणाची तक्रार नाही अशा शेजारच्या मुलाच्याही ऐंशी खुणा कराव्यात. पहिला मुलगा चाळीस वेळा कामात आढळला आणि दुसरा चव्वेचाळीस वेळा, तर प्रश्न त्या मुलाचा नसून त्या तासाचा आहे. पहिला वीस वेळा आणि दुसरा सत्तर वेळा, तर मात्र तक्रारीत तथ्य आहे. पुढची पायरी अशी की, उठण्यापूर्वी काय घडले, मुलाने काय केले आणि त्यानंतर काय झाले, या तीन रकान्यांत काही दिवस नोंद ठेवायची. नोंदीतून कदाचित असे दिसेल की, मोठ्याने वाचण्याची पाळी दोन बाकांवर आली की तो उठतो, खोडी काढतो, शिक्षक त्याला बाहेर उभे करतात, आणि त्याची वाचनाची पाळी टळते. शिक्षा समजून जे दिले जाते तेच त्या मुलाला सुटकेसारखे हवे असते; असे झाले की खोडी दिवसेंदिवस दृढ होत जाते. उपाय मग वाचनातच शोधावा लागतो: सोपा उतारा, आदल्या दिवशी घरी तयारी, आणि वाचनाची पाळी वर्गासमोर न घेता बाईंच्या टेबलाजवळ.

हे सर्व झाल्यावर, आणि तेही जाणत्या मार्गदर्शकाच्या देखरेखीखाली, चाचणीची पेटी उघडावी. मालिन यांच्या श्रेणीत शब्दांच्या आधाराने चालणाऱ्या चाचण्या आहेत आणि हाताने करायच्याही आहेत. त्यांतील ठोकळ्यांच्या चाचणीत मुलासमोर नमुना ठेवला जातो, त्याने ठोकळ्यांचे रंगीत पृष्ठभाग जुळवून तो नमुना मुदतीत उभा करायचा असतो. मुलाने नमुना पुरा केला की नाही एवढेच पाहणारा उमेदवार अर्धीच गोष्ट पाहतो. त्याने प्रथम कोपरा धरला की मध्य धरला, चूक ध्यानात आल्यावर मोडून पुन्हा मांडले की हात मागे घेतला, ‘नाही जमत जी’ म्हणाला तो कितव्या ठोकळ्याला, या नोंदी अंकापेक्षा कधीकधी अधिक बोलतात. अंकाविषयी मात्र उमेदवाराची समजूत पक्की असली पाहिजे. कामत यांच्या श्रेणीत मानसिक वयाला प्रत्यक्ष वयाने भागून शंभराने गुणतात; दहा वर्षांच्या मुलाचे मानसिक वय आठ आले, तर बुद्ध्यंक ८० येतो. हा आकडा मापपट्टीवरच्या रेषेसारखा निश्चित नसतो. तेच मूल दुसऱ्या दिवशी, दुसऱ्या परीक्षकापुढे बसले तर त्यात पाचसहा गुणांचा फरक सहज पडतो. शिवाय या श्रेणींची प्रमाणके अर्धशतकाहून जुनी आहेत, आणि जुन्या प्रमाणकांवर आजच्या मुलांचे गुण वाजवीपेक्षा जास्त दिसण्याचा कल असतो, हे जेम्स फ्लिन यांच्या अभ्यासाने जगभर मान्य झाले आहे. उलट मुलाला अपरिचित असलेल्या शब्दांमुळे गुण वाजवीपेक्षा कमीही दिसू शकतात. सी. एम. भाटिया यांनी १९५५ मध्ये उत्तर प्रदेशात तयार केलेल्या कृतिचाचण्या याच दुसऱ्या अडचणीवरचा तोडगा होत्या. एवढे सगळे ध्यानात घेतले म्हणजे, एका सकाळी मिळालेल्या एका अंकावरून मुलाच्या आयुष्याविषयी कायमचे विधान करण्याचा मोह राहत नाही.

आईबापांना अंक समजावून सांगण्याची वेळ याहून कठीण असते. दिवसाची मजुरी बुडवून आलेली आई बाकाच्या कडेवर अवघडून बसते, आणि तिचा पहिला प्रश्न असतो, ‘‘पोराले येडा मनून त लिवून नाही देनार ना जी?’’ या प्रदेशात मनाच्या आजाराचे नाव काढले की लोकांना नागपूरचे मनोरुग्णालय आठवते, आणि मानसशास्त्र शिकून आलेली व्यक्ती शाळेत बसली आहे एवढ्यावरूनच गावात कुजबूज सुरू होते. त्या आईला आकडा सांगू नये. तुमचा मुलगा तोंडी हिशेब बरोबर करतो, चित्र पाहून गोष्ट नीट सांगतो, अक्षर वाचताना मात्र अडतो, आणि त्यासाठी शाळा पुढचे तीन महिने अमुक करणार आहे, घरी तुम्ही अमुक करा, एवढे तिच्या भाषेत सांगावे; आणि तिला जे दिसते तेही विचारावे, कारण त्या मुलाविषयीचे सर्वांत दीर्घ निरीक्षण तिचेच असते.

उमेदवाराच्या अधिकाराच्या मर्यादाही येथेच सांगितल्या पाहिजेत. अपंग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या २०१६ च्या कायद्यात एकवीस प्रकारांत विशिष्ट अध्ययन-अक्षमतेचा समावेश झाला, आणि त्याखालील मार्गदर्शक सूचनांप्रमाणे तिचा दाखला मूल आठ वर्षांचे झाल्यावरच देता येतो. तो देण्याचा अधिकार विहित वैद्यकीय अधिकाऱ्यांकडे असतो आणि त्यासाठी बालरोगतज्ज्ञ व नोंदणीकृत मानसशास्त्रज्ञ यांची तपासणी लागते. महाराष्ट्रात अशा मुलांना दहावीच्या परीक्षेत जादा वेळ, लेखनिक इत्यादी सवलती १९९६ पासून मिळू लागल्या, ही आपल्या राज्याच्या दृष्टीने अभिमानाची बाब आहे. परंतु या सवलतीचा मार्ग भंडाऱ्यातील खेड्यापासून फार लांब पडतो. उमेदवार दाखल्यावर सही करू शकत नाही, करूही नये; पण कोणत्या कागदासह, कोणत्या रुग्णालयात, कोणत्या दिवशी जायचे याची चिठ्ठी तो पालकांच्या हाती देऊ शकतो, पंचायत समितीच्या गट साधन केंद्रातील समावेशित शिक्षणाच्या विशेष शिक्षकाशी त्यांची गाठ घालून देऊ शकतो, आणि निरीक्षणाची नीटनेटकी नोंद सोबत पाठवू शकतो. अशा नोंदीमुळे तपासणारा डॉक्टर मुलाला फेऱ्या घालायला लावीत नाही.

एक गोष्ट मात्र पहिल्याच दिवशी शिकून घ्यावी. मुले विश्वास बसला की बोलतात, आणि बोलण्यापूर्वी विचारतात, ‘कोनाले सांगनार नाही ना?’ या प्रश्नाला बिनशर्त होकार कधीही देऊ नये. लैंगिक अत्याचारापासून बालकांचे संरक्षण करणाऱ्या २०१२ च्या कायद्याप्रमाणे अशा अत्याचाराची माहिती कळलेल्या प्रत्येक व्यक्तीवर ती पोलिसांना कळविण्याचे बंधन आहे, आणि न कळविणे हा गुन्हा आहे. म्हणून मुलाला आधीच सांगावे की, तुझे बोलणे मी माझ्याजवळ ठेवीन, पण तुला कोणी इजा करीत असेल, किंवा तू स्वतःला इजा करण्याचा विचार करीत असशील, तर तुला वाचवण्यासाठी मला मोठ्यांची मदत घ्यावी लागेल. हे ऐकून मूल गप्प बसेल अशी भीती उमेदवारांना वाटते. स्पष्ट शब्द देणाऱ्या माणसावर मुलांचा विश्वास उलट वाढतो. बालकांसाठीचा १०९८ आणि मानसिक साहाय्यासाठीचा टेलिमानसचा १४४१६ हे दोन क्रमांक शाळेच्या सूचनाफलकावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावेत.

आता या सगळ्यातील मुख्य उणिवेकडे येतो. भंडारा पितळी भांड्यांच्या कारागिरीसाठी नावाजलेला आहे, आणि त्या कामाची उमेदवारी करणाऱ्या पोराच्या शेजारी, त्याचा ठोका चुकला तर हात धरणारा, वडीलधारा कारागीर बसलेला असतो. शाळेतील मानसशास्त्राच्या उमेदवाराशेजारी असा कोणी नाही. अमेरिकेतील शालेय मानसशास्त्रज्ञांच्या राष्ट्रीय संघटनेने उमेदवारीसाठी किमान १,२०० तास आणि त्यांपैकी ६०० तास शाळेत, अनुभवी मार्गदर्शकाच्या देखरेखीखाली, असा दंडक घातला आहे. आपले चार श्रेयांक साधारण १२० तासांचे होतात, आणि त्या तासांत मार्गदर्शक बहुधा साठ किलोमीटर दूर विद्यापीठात असतो. सर्वोच्च न्यायालयाने सुकदेब साहा विरुद्ध आंध्र प्रदेश राज्य या खटल्यात २५ जुलै २०२५ रोजी दिलेल्या निर्णयात, शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेने किमान एक पात्र समुपदेशक वा मानसशास्त्रज्ञ नेमावा आणि त्याहून लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी रीतसर संबंध जोडावा, असे सांगितले आहे. जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळांपैकी अनेकांचा पट शंभरापर्यंत पोहोचत नाही. त्यांच्या वाट्याला या निर्णयाचा दुसरा भाग येतो, आणि तोच कागदावर राहण्याचा धोका अधिक आहे.

भंडारा जिल्ह्यात तालुके सात आहेत. प्रत्येक तालुक्याच्या गट साधन केंद्रात एक पूर्णवेळ, नोंदणीकृत मानसशास्त्रज्ञ जिल्हा परिषदेने नेमावा, आणि विद्यापीठाने आपले उमेदवार जूनअखेरीस शाळा उघडतात त्या दिवसापासून वर्षअखेरपर्यंत, आठवड्यातून ठरावीक दिवस, त्याच्या हाताखाली रुजू करावेत, अशी माझी शिक्षण विभागाला आणि विद्यापीठाच्या मानसशास्त्र विभागाला विनंती आहे. सात पदांचा हा खर्च जिल्ह्याच्या शिक्षणाच्या अंदाजपत्रकात मोठा नाही. ती पदे भरली जाईपर्यंत, सहीशिक्क्याचे पत्र घेऊन उमेदवार दारात आला, तर मुख्याध्यापकांनी त्याला परत पाठवू नये. हजेरीपट त्याच्यासमोर ठेवावा आणि गावातील एका जुन्या शिक्षकाला त्याच्यासोबत बसवावे.